भाग्याचे शब्द अकारविल्हे

काम हाती घेण्यापूर्वी गुंडूरावांनी खालच्या मजल्यावरच्या खंडोजींना विचारलं, समोरच्या निवृत्त शिक्षिका महानंदाबाईंचं मत घेतलं, शब्दकोश उघडला आणि चष्मा दोनदा पुसला. विचारायचं राहिलं ते फक्त जिचे शब्द होते तिला. ती त्या वेळी आतल्या खोलीत दुपारची झोपली होती, आणि झोपलेल्या मुलाला उठवू नये हा नियम गुंडूराव कसोशीनं पाळत.

ती म्हणजे त्यांची नात भाग्यलक्ष्मी, घरात भाग्या. वय नऊ. ऐकू सगळं येतं, कळतं तर मोठ्यांना अडचण होईल इतकं, पण तोंडातून शब्द फुटत नाहीत. ती बोलते ती गळ्यात पट्ट्यानं अडकवलेल्या टॅबवर. त्यावर चौकोनी घरं, घरात चित्रं, चित्राखाली शब्द. घरावर बोट ठेवलं की टॅब तो शब्द मोठ्यानं म्हणतो. यंत्राचं स्वतःचं मराठी ऐकलं की सगळ्यांना फलाटावर उभं असल्यासारखं वाटायचं, म्हणून भाग्याच्या आईनं, हेमावतीनं, एकेक शब्द आपल्या आवाजात भरला होता. सात पानं, दर पानावर तीस घरं, एकूण दोनशे दहा. त्यात इडली होती, शाळा होती, 'इथं दुखतंय' होतं, आणि कानडी 'सरी' होतं, कारण कानडी मुलखातल्या या घरात चार पिढ्यांत कुणी 'ठीक आहे' असं म्हटलेलं नाही.

शब्द होते, पण गुंडूरावांच्या मते त्यांना शिस्त नव्हती. पहिल्या पानावर पहिलं घर 'बास'चं, दुसरं 'नाही'चं, तिसरं 'हो'चं आणि चौथं 'शू'चं. 'बास'नं सुरू होणारा संग्रह गुंडूरावांनी जन्मात पाहिला नव्हता. एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये त्यांची एकतीस वर्षं गेली होती. मागितलेली फाईल त्याच महिन्यात मिळाली असं तिथं क्वचितच झालं, पण एकही फाईल हरवली नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी पत्नीचे, म्हणजे कस्तुराबाईंचे, मसाल्याचे डबे अकारविल्हे लावून दिले होते. आमचूर पहिला, हिंग शेवटचा. दुसऱ्या दिवशी फोडणीच्या वेळी सगळे डबे आपापल्या जुन्या जागी होते. गुंडूरावांनी ही गोष्ट बायकांच्या स्वभावावर ढकलली आणि विषय मिटवला.

पण मुद्दा सहलीचा होता. आजवर घरची मंडळी कुठं निघाली की भाग्या अज्जीबरोबर घरी राहायची. 'तिला त्रास होतो' असं सगळे म्हणत. कुणाला त्रास होतो हे नेमकं कुणी सांगत नसे. गेल्या वर्षी एका बारशाला तिला नेलं, तेव्हा एका पाहुण्या बाईंनी लाडानं विचारलं, "काय गं, कितवीत आहेस?" भाग्यानं पान उलटलं, घर शोधलं, बोट ठेवलं. टॅब 'तिसरीत' म्हणाला तेव्हा बाई पेढ्यांच्या ताटापाशी पोचल्या होत्या. उत्तर त्यांच्या पाठीला मिळालं.

भाग्याला शिकवणाऱ्या थेरपिस्ट बाईंनी यावर साधा उपाय सांगितला होता. प्रश्न विचारायचा, आणि मनात दहापर्यंत आकडे मोजत गप्प बसायचं. घरातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. गुंडूरावांनी त्याच संध्याकाळी करून पाहिलं. सहाव्या आकड्याला त्यांनी स्वतःच उत्तर देऊन टाकलं. मग त्यांनी विचार केला की सगळ्या नातेवाइकांना थांबायला शिकवणं हे अवघड काम आहे, त्यापेक्षा शब्द चटकन सापडतील अशी सोय करावी. म्हणजे कुणालाच थांबावं लागणार नाही. यातला दोष त्यांना पुढं कळला, पण तेव्हा ते वाक्य त्यांना फार निर्दोष वाटलं होतं.

पहिला बेत तळ्याकाठच्या सरकारी बागेचा झाला. दारातच पाटी होती: ध्वनिवर्धकास मनाई. रखवालदार भाग्याच्या गळ्यातल्या टॅबकडं बघत असतानाच तिनं सौजन्य म्हणून 'नमस्कार'वर बोट ठेवलं. टॅबचा आवाज खणखणीत होता.

"स्पीकर बेडा," रखवालदार म्हणाला. स्पीकर नको.

गुंडूरावांनी त्याला कानडीत समजावलं की हा स्पीकर नव्हे, हे या मुलीचं तोंड आहे.

रखवालदार विचारी माणूस होता. त्यानं मुलीकडं बघितलं, टॅबकडं बघितलं. "सरी, सार. मग हे तोंड आहे असं लेटर आणा."

हेमावती मागून म्हणाली, "मामंजी, ती मघापासून 'घरी' म्हणते आहे."

"थांब जरा," गुंडूराव म्हणाले. "तिला तोंड आहे हे आधी सिद्ध होऊ दे."

दुसरा कुणी असता तर चिडला असता. गुंडूरावांकडं एकतीस वर्षांत इतकी वाजवी मागणी कुणी केली नव्हती. त्यांनी घरी येऊन तीन प्रतींत अर्ज लिहिला. विषय: नातीचे तोंड बागेत नेण्यास परवानगी मिळणेबाबत. कचेरीत हा अर्ज कुणाचा यावर बराच खल झाला. तोंड म्हटलं तर आरोग्य, आवाज म्हटला तर पोलीस, मूल म्हटलं तर बालकल्याण. तिन्ही टेबलांवरून अर्ज सन्मानानं पुढं गेला. तो अद्याप पुढं जातो आहे.

तेव्हा कस्तुराबाईंचे धाकटे भाऊ दयानंद मदतीला आले. त्यांचा आनेकलजवळ आंब्याचा मळा होता. फोनवर म्हणाले, "दाजी, आमच्याकडं या की सगळे. आमच्या गेटाला पाटी नाही. गेटच नाही."

रविवार ठरला. टेम्पो ट्रॅव्हलर ठरली. सोळा माणसं ठरली आणि सतरावं भाग्याचं नाव गुंडूरावांनी स्वतःच्या हातानं लिहिलं. मुलगा संतोषकुमार, म्हणजे भाग्याचे वडील, शहरात एचएसआर लेआउटमधल्या ज्या कंपनीत होता तिला रविवार माहीत नव्हता. हेमावतीची दवाखान्यात दुपारपर्यंत ड्यूटी होती, ती मागाहून बसनं येणार होती. शाळा सोडली तर आईवाचून भाग्या इतका वेळ प्रथमच बाहेर जात होती.

"मी आहे ना," गुंडूराव म्हणाले. "तिला काय हवं, काय नको, ते सगळं ती सांगेल. मी ऐकेन."

आणि शनिवारी दुपारी, भाग्या झोपल्यावर, त्यांनी टॅब पुढ्यात घेतला.

खंडोजी तेव्हा सुपारी कातरत शेजारी बसले होते. त्यांचं चिकपेटला साड्यांचं दुकान, तेही तीन पिढ्यांचं. ते म्हणाले, "गुंडण्णा, आमच्या दुकानात नावानं साड्या लावल्या तर दिवसभरात एक साडी निघायची नाही. माल असा नसतो. हात जातो तिथं माल असतो."

"तो धंदा," गुंडूराव म्हणाले. "ही भाषा आहे."

गाडी अडली ती अंघोळीवर. 'अंघोळ' हा शब्द सुरुवातीला घ्यायचा की 'औ' संपल्यावर? खंडोजींनी मोबाईल काढून दाखवला. "हे बघा, यात अं वरती येतो. अंघोळ पहिली घ्या. सकाळी तरी पहिलं काय करता?" गुंडूरावांनी गॅलरीत जाऊन समोर हाक मारली. महानंदाबाई कठड्याशी आल्या आणि म्हणाल्या, "मी छत्तीस वर्षं पोरांकडून औ नंतर अं म्हणवून घेतलाय. आता तुमच्या मोबाईलसाठी बाराखडी बदलू का?" निकाल बाराखडीच्या बाजूनं लागला. अंघोळ मागं गेली. पहिलं घर 'अजून'ला मिळालं, दुसरं 'अज्जा'ला, तिसरं 'अज्जी'ला. आपण दुसरे आलो हे बघून गुंडूरावांना जरा बरं वाटलं. यात वशिला नव्हता. अक्षरांचा न्याय होता.

चार तास लागले. शेवटी टॅबनं विचारलं: जुनी रचना जपून ठेवायची का? गुंडूरावांनी 'नाही' दाबलं. नव्या नोंदवहीशेजारी जुनी ठेवली की कारकून कायम जुनीच उघडतो, हा त्यांचा अनुभव होता.

सहलीला सगळ्यांसमोर एकदम दाखवायचं म्हणून त्यांनी टॅब आपल्या कपाटात ठेवला आणि संध्याकाळभर "चार्जिंगला लावलाय" असं सांगितलं. घरात डबे भरणं, चादरी काढणं, कुणी कुठं बसायचं यावर वाद घालणं चालू होतं. त्या संध्याकाळी भाग्या एक शब्द बोलली नाही. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मळ्यात पोचल्यावर आंब्याखाली चादरी पडल्या. गुंडूराव उभे राहिले आणि त्यांनी छोटंसं भाषण केलं. भाषा, व्यवस्था आणि मुलांचं भवितव्य यांचा त्यात उल्लेख होता. मग त्यांनी टॅब भाग्याच्या गळ्यात घातला. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. भाग्यानं टॅबकडं बघितलं, पान उलटलं, परत उलटलं. कुणीतरी म्हणालं, "अगं, खेळू नको त्याच्याशी. बोल काहीतरी." तिनं हात खाली घेतला.

पहिलं बोलणं जेवणाच्या पंगतीत झालं. दयानंदांच्या पत्नी गोजराबाई वाढत होत्या. त्यांच्या होळग्या साऱ्या तालुक्यात प्रसिद्ध, म्हणजे पुरणपोळीच, पण हातावर थापलेली आणि तुपात पोहणारी. भाग्यानं दोन खाल्ल्या आणि बोट कोपऱ्यात नेलं.

"अजून," टॅब म्हणाला.

गोजराबाईंचा चेहरा फुलला. "ऐकलं काय, अजून म्हणती. घे की गं बाळ, लाजायचं काय त्यात." आणि तिसरी पडली.

भाग्यानं पानाकडं बघितलं, टॅबकडं बघितलं, आणि पुन्हा तिथंच बोट ठेवलं, या वेळी जरा जोरानं. चौथी पडली. मग तिनं शेजारच्या घरावर बोट ठेवलं.

"अज्जा," टॅब म्हणाला.

"अज्जाला पण वाढा म्हणती," गोजराबाई म्हणाल्या. "एवढंसं लेकरू, पण माया बघा." आणि पाचवी गुंडूरावांच्या पानात आली. ती त्यांनी डोळे मिटून खाल्ली. आयुष्यात इतकी गोड होळगी त्यांनी खाल्ली नव्हती.

पुढं कैक दिवस गुंडूराव यावर हिशेब मांडत बसले. खंडोजींचं ऐकून त्यांनी अंघोळ पहिली घेतली असती तर भाग्या भरल्या पानावर बसून 'अंघोळ, अंघोळ' म्हणाली असती, आणि सोळांतल्या एकाला तरी शंका आली असती. 'अजून'ची शंका कुणाला येत नाही. पाहुण्या मुलानं हाच शब्द म्हणावा म्हणून सगळं जग ताटकळलेलं असतं.

जेवणानंतर सोबत आलेल्या खंडोजींनी भजन म्हटलं. खंडोजींचं भजन ही त्या इमारतीत राहणाऱ्या माणसांनी मुकाट्यानं सोसायची गोष्ट होती. पहिलं भजन संपलं, लोकांनी पाय मोकळे करायला सुरुवात केली, आणि भाग्या, जिला मोठा आवाज सोसत नाही, तिनं घाईनं कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"अजून."

खंडोजींनी पुन्हा मांडी घातली. चाळीस वर्षांच्या गायनात त्यांना हा शब्द प्रथमच ऐकू आला होता. त्यांनी आणखी पाच भजनं म्हटली. भाग्यानं दोन्ही कानांवर हात ठेवले, तेव्हा ते कौतुकानं म्हणाले, "कानात साठवून घेतेय."

कस्तुराबाई तेवढ्या एकदा म्हणाल्या, "अहो, तिचं तोंड बघा जरा. तिला काहीतरी होतंय."

"तिच्या तोंडाकडं बघायची वेळ येऊ नये म्हणूनच तर टॅब आहे," गुंडूराव म्हणाले. "ती स्वच्छ शब्दांत सांगते आहे. शब्दांवर विश्वास ठेवायला शिका."

मग झोका. आंब्याच्या आडव्या फांदीला दयानंदांनी सकाळीच दोर बांधला होता. भाग्याला झोका आवडतो, पण हळू. घरी हेमावती तो एका बोटानं ढकलते. दयानंदांनी शेतकऱ्याच्या दोन्ही हातांनी ढकलला. भाग्या वर गेली. तिचा एक हात दोरावर होता, दुसरा टॅबवर.

"अजून," टॅब वरून म्हणाला. "अज्जा. अजून. अज्जा. अजून. अज्जा."

खाली सोळाच्या सोळा माणसं उभी राहिली. फोन बाहेर निघाले. मुलीला बोलता येत नाही म्हणून इतकी वर्षं घरी ठेवलेली, आणि आज ती झाडाच्या शेंड्यापाशी आजोबांच्या नावानं हाका मारते आहे. गोजराबाईंनी पदर डोळ्यांना लावला. गुंडूरावांना पुढचं नीट दिसत नव्हतं. ते म्हणाले, "दयानंद, ऐकलंस ना? दे जोरात."

हे वाक्य त्यांचं होतं. दुसऱ्या कुणाचं असतं तर पुढचे दिवस त्यांना बरे गेले असते.

दयानंदांनी जोरात दिला. वर पोचल्यावर भाग्यानं मान खाली घातली, गळ्यातला पट्टा डोक्यावरून काढला आणि टॅब सोडून दिला. टॅब गवतावर पडला. "अरेरे, टॅब," असं म्हणत सगळे टॅबकडं धावले. झोका थांबवायला कस्तुराबाई गेल्या.

भाग्या खाली उतरली, झाडामागं जाऊन तिनं चारही होळग्या ओकून टाकल्या, फ्रॉकला तोंड पुसलं, आणि कुणाकडंही न बघता चालत गाडीत जाऊन शेवटच्या बाकावर बसली.

गुंडूराव टॅब पुसत मागोमाग गेले. टॅबला काही झालं नव्हतं. त्यांनी तो तिच्या मांडीवर ठेवला. तिनं तो बाजूला सारला.

"काय झालं बाळ? सांग अज्जाला."

भाग्यानं खिडकीकडं तोंड फिरवलं. काचेवर धूळ होती. तिनं काचेच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात बोट टेकवलं. मग त्याच्या शेजारी, चार बोटांवर. पुन्हा कोपऱ्यात. पुन्हा शेजारी. काच काही म्हणाली नाही, पण ती टेकवत राहिली, आणि धुळीत दोन ठिपके स्वच्छ होत गेले.

गुंडूरावांना वाटलं, ती धूळ पुसते आहे. मग त्यांना ते दिसलं. एकतीस वर्षं जो माणूस कुठल्या रॅकमधून कुठली फाईल उचलली हे विसरला नाही, तो आदल्या दिवशी कुठल्या घरातून कोणता शब्द उचलला हे कसं विसरेल? कोपऱ्यातला 'बास'. त्याच्या शेजारचा 'नाही'.

बास. नाही. बास. नाही.

पंगतीतही ती हेच म्हणत होती. भजनाला हेच. झाडाच्या शेंड्यावरून हेच, आणि सोळा माणसांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

गुंडूराव पुढच्या बाकावर बसले. हेमावती बसथांब्यावरून चालत आली तेव्हा ते तिथंच होते. तिनं टॅब उचलला, पहिलं पान बघितलं, दुसरं बघितलं.

"मामंजी, आमचं पहिलं पान कुठं गेलं?"

"अकारविल्हे लावले," गुंडूराव म्हणाले. स्वतःच्याच कानांना तो शब्द इतका मूर्ख यापूर्वी कधी वाटला नव्हता.

हेमावती रागावली असती तर सोपं गेलं असतं. ती हळूच म्हणाली, "ती वाचत नाही ना शब्द. तिचं बोट ओळखतं. दोन वर्षं लागली होती." आणि भाग्याशेजारी बसून तिनं तिचे केस नीट केले. परतीच्या वाटेत गाडीत कुणी गायलं नाही. खंडोजींनी दोनदा घसा साफ केला आणि दोन्ही वेळा आवरला.

सोमवारी थेरपिस्ट बाईंनी फोनवर सांगितलं, घरं होती तशी परत लावा. हे यापूर्वीही सांगितलं होतं, असंही त्या म्हणाल्या. गुंडूरावांनी ते मान्य केलं नाही. त्यांनी आपली त्या भेटींची फाईल काढली. त्यांच्याच सुवाच्य अक्षरात, तारखेसह, 'ज' या अक्षराखाली नोंद होती: जागा बदलू नयेत. नोंद अगदी योग्य ठिकाणी लावलेली होती.

होती तशी म्हणजे कशी, हे कुणालाच पुरतं सांगता येईना. हेमावतीला पहिली दोन पानं आठवत होती. तिच्या जुन्या फोनमध्ये वर्षापूर्वीची प्रत सापडली, तीत सत्तर शब्द होते. बाकीचा नकाशा एकाच ठिकाणी शिल्लक होता, भाग्याच्या बोटात. म्हणजे आता तिलाच विचारायचं होतं, आणि ते काम गुंडूरावांनी मागून घेतलं.

"माझे डबे मी परत लावले," कस्तुराबाई म्हणाल्या. "तिला शब्द लावता येत नाहीत म्हणून तुमचं फावलं."

पहिले दोन दिवस भाग्या त्यांच्यापुढं बसलीच नाही. तिसऱ्या दिवशी अज्जीचा हात धरून आली. गुंडूराव एकेक चित्र दाखवत आणि रिकामी पानं पुढं ठेवत. भाग्या बघायची, पान उलटायची, एका घरावर बोट ठेवायची. तिथं तो शब्द जायचा. 'पाणी' कुठं? 'भीती' कुठं? 'घरी' कुठं? ती विचार करायची तेवढा वेळ गुंडूराव आकडे मोजायचे. कधी दहा पुरायचे, कधी चाळीस व्हायचे. अकरा दुपारी गेल्या.

शेवटच्या पानावर एक घर रिकामं राहिलं. तळाच्या ओळीत, मधोमध. गुंडूरावांपाशी चित्रं संपली होती. भाग्या त्या घरावर बोट ठेवून त्यांच्याकडं बघत होती.

मग गुंडूरावांना जे त्यांनी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगावं लागलं. शब्द लावताना त्यांना एक घर असं सापडलं होतं की त्यात चित्र नाही आणि खाली शब्द नाही. दाबून बघितलं, तर हेमावतीचा आवाज आला नाही. दार अडकावं तशी घरघर आली आणि मग कसलंसं लहान हुंकारल्यासारखं. रेकॉर्डिंग बिघडलंय असं समजून, आणि नाव नसलेली वस्तू कुठल्या अक्षराखाली लावणार म्हणून, त्यांनी ते पुसलं. एकतीस वर्षांत त्यांनी नोंद न करता एक कागद नष्ट केला नव्हता.

हेमावती म्हणाली, "ते तिनं स्वतः भरलं होतं. न्हाणीघरात गेली होती टॅब घेऊन, आतून कडी लावून. तिच्या गळ्यातला आवाज होता तो."

"म्हणजे काय त्याचा अर्थ?"

"ठाऊक नाही. शाळेची बस दिसली की दाबायची. ढग आले की दाबायची. तुम्ही दारातून आत आलात की दाबायची. तिन्हींत सारखं काय ते मला सापडलं नव्हतं. शोधत होते."

त्यांनी त्या घरात नवा आवाज भरायची सोय करून दिली. टॅब तिच्या हातात देऊन सगळे बाहेर गेले. भाग्यानं भरला नाही. पुन्हा दिला, पुन्हा नाही.

दयानंदांनी संक्रांतीला सगळ्यांना परत बोलावलं. भाग्याला विचारलं, आणि या वेळी घरातले सगळे गप्प बसून थांबले. नवव्या आकड्याला 'नाही' आलं. कुणी समजूत घातली नाही. मंडळी गेली. भाग्या घरी राहिली, आणि तिच्यासोबत गुंडूराव.

आता रोज चारच्या सुमाराला गुंडूराव भाग्यासमोर खुर्ची घेऊन बसतात. घसा साफ करतात, डोळे मिटून आठवतात, आणि तो आवाज काढून बघतात. आधी घरघर, मग हुंकार. कधी घरघर लांबते, कधी हुंकार खोकल्यात जातो. महानंदाबाई त्या वेळी गॅलरीचं दार ओढून घेतात. खंडोजींनी खालून मिठाच्या गुळण्यांचा निरोप पाठवला होता. गुंडूरावांनी त्याचा राग मानला नाही.

भाग्या मान तिरकी करून ऐकते. मध्ये तोडत नाही. त्यांना खोकला आला तर तो पुरता थांबेपर्यंत बोट उचलत नाही. मग पहिलं पान उघडते आणि वरच्या ओळीतल्या दुसऱ्या घरावर बोट ठेवते.

"नाही," टॅब म्हणतो.

"सरी," गुंडूराव म्हणतात, आणि पुन्हा घसा साफ करतात.